१९६८ची फियाट: इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि इलेक्ट्रिक पंप बसवल्यापासून गरम झाली की बंद पडते

मुलुंडकर_फियाट

नमस्कार मंडळी,

वडिलांनी घेतलेली १९६८ची फियाट ११०० डिलाईट आमच्याकडे आहे. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगवर गिअर, सोलेक्स कार्बोरेटर. इंजिनाचं काम होऊन फार वर्षं झालेली नाहीत, कॉम्प्रेशन चारही सिलिंडरमध्ये चांगलं आहे.

पॉईंट सतत घासावे लागत होते आणि उन्हाळ्यात चढावर पेट्रोल कमी पडल्यासारखं व्हायचं, म्हणून पावसाळा संपल्यावर एका गॅरेजमध्ये दोन कामं करून घेतली. डिलकोमधले (डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणारा भाग) पॉईंट (करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) आणि कंडेन्सर काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवला, त्याच्या जोडीला गॅरेजवाल्याने सुचवलेली 'जास्त ताकदीची' कॉईल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवते ती). शिवाय इंजिनावर चालणारा मूळ यांत्रिक पेट्रोल पंप (एसी पंप) काढून इलेक्ट्रिक पंप. तो बॉनेटखाली, बॅटरीच्या बाजूला लावलाय.

आता सकाळी अर्ध्या सेल्फमध्ये सुरू होते, ईस्टर्न एक्स्प्रेसवर सुंदर पळते. पण एलबीएस रोडला ट्रॅफिकमध्ये अडकली की अर्ध्या-पाऊण तासात मिसिंग सुरू होतं आणि मग गाडी बंद. कितीही सेल्फ मारा, दाद देत नाही. वीसेक मिनिटं बॉनेट उघडं ठेवलं की काहीच झालं नाही अशी सुरू होते. हल्ली थांबल्यावर पेट्रोलचा वासही येतो. बहुतेक वेळा कुर्ल्याच्या आसपासच बंद पडते.

गॅरेजवाले म्हणतात व्हेपर लॉक (उष्णतेने नळीत पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडणं) आहे, पंप आणखी मोठा घ्या. घ्यावा का?

चहाबिस्कीट

कुर्ल्याला प्रीमियरचा कारखाना होता, तिथूनच बाहेर पडलेली गाडी. माहेर दिसल्यावर पाय निघत नसेल हो तिचा. ह.घ्या. (हलकेच घ्या)

काळीपिवळी

मोठा पंप अजिबात घेऊ नका. आधी एक सांगा: बंद पडताना कशी पडते? चावी फिरवल्यासारखी खाडकन, की आधी ओढ कमी होते, झटके देते, रेस केली की अजून मरते आणि मग थांबते?

माझ्या वडिलांची आयुष्यभर पद्मिनी (याच फियाटची नंतरची आवृत्ती) टॅक्सी होती. त्यांचे मिस्त्री पहिला प्रश्न हाच विचारायचे. खाडकन गेली तर करंट, रडतरडत गेली तर पेट्रोल. शंभर टक्के नियम नाही, पण सुरुवात कुठून करायची ते कळतं.

घाटमाथा

व्हेपर लॉकच आहे. आमच्या घरी पद्मिनी होती तेव्हा खंडाळ्याच्या घाटात प्रत्येक उन्हाळ्यात हेच व्हायचं. पंपावर ओलं फडकं टाकायचं, चहा प्यायचा, गाडी सुरू.

डिलकोवाला

घाटमाथा, तुमचा अनुभव खरा आहे पण तो एसी पंपाचा. तो पंप इंजिनाच्या अंगावर बसतो, इंजिनाच्या उष्णतेने तापतो आणि मागच्या टाकीपासून पेट्रोल ओढत असतो. ओढणाऱ्या बाजूला दाब कमी, त्यामुळे तिथे पेट्रोलची वाफ लवकर होते. फडक्याने पंप थंड झाला की वाफेचं परत पेट्रोल होतं.

धागाकर्त्यांचा पंप इलेक्ट्रिक आहे, पण लावलाय बॉनेटखाली! म्हणजे ओढण्याचा त्रास होता तसाच राहिला आणि वर इंजिनाची धग. इलेक्ट्रिक पंप ढकलायला चांगला असतो, ओढायला नाही. त्याची जागा टाकीजवळ, टाकीच्या तळापेक्षा खाली, आणि त्याच्या आधी एक फिल्टर. मग इंजिनापर्यंतची सगळी लाईन दाबाखाली राहते आणि वाफ व्हायची शक्यता बरीच कमी होते.

पण हे झालं पंपाबद्दल. गाडी त्यामुळेच बंद पडते असं मी अजून म्हणत नाही. काळीपिवळींच्या प्रश्नाचं उत्तर द्या आधी.

मुलुंडकर_फियाट

@काळीपिवळी, काल मुद्दाम लक्ष दिलं. आधी एकदोनदा मिस होते आणि मग खाडकन जाते. रेस देऊन सावरत वगैरे नाही.

@डिलकोवाला, वास मात्र नक्की आहे. बंद पडल्यावर कार्बोरेटरच्या अंगावर ओल दिसते.

काळीपिवळी

मग दोन वेगळे आजार असण्याची शक्यता धरा. वास आणि ओल एका कारणाने, बंद पडणं दुसऱ्या कारणाने.

सोलेक्स_सुई

ओलीबद्दल मी सांगतो.

कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल आत सोडणारी एक सुई असते. फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा डबा) वर आला की सुई भोकावर बसते आणि पेट्रोल बंद. ही सुई फार नाजूक दाबाच्या हिशोबाने केलेली आहे. जुना एसी पंप दोन ते साडेतीन पीएसआयच्या (दाबाचं एकक) आसपास दाब देतो. बाजारात 'युनिव्हर्सल' म्हणून मिळणारे इलेक्ट्रिक पंप चार ते सहा-सात पीएसआयपर्यंत देतात, आणि कोणी चुकून इंजेक्शनच्या गाडीचा पंप गळ्यात मारला तर विचारायलाच नको, तो चाळीस पीएसआयच्या वरचा असतो. दाब जास्त झाला की फ्लोटला सुई दाबून धरता येत नाही. पेट्रोल वर चढतं, जेटमधून (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) आपोआप इंजिनात गळतं, कधी बाहेर येतं.

त्यामुळे मोठा पंप म्हणजे दुखण्यावर आणखी दुखणं. या इंजिनाला पूर्ण जोरात पळवलं तरी तासाला पंधरा-वीस लिटरच्या वर पेट्रोल लागत नाही, ट्रॅफिकमध्ये तर त्याच्या कितीतरी कमी. पंप किती लिटर देतो हा प्रश्नच नाही, किती दाबाने देतो हा आहे.

प्लग काढून बघा. काळे, काजळी धरलेले, ओले असतील तर पेट्रोल जास्त होतंय. फिक्या तपकिरी रंगाचे असतील तर मी चूक. पांढरे फटक असतील तर उलटा आजार.

जुनं_ते_सोनं

माझं मत स्पष्ट आहे आणि ते मी या धाग्यावर मांडणारच. ही गाडी पॉईंट आणि एसी पंपावर अर्धशतक चालली. पॉईंट खराब झाले तर रस्त्याच्या कडेला पॉलिश पेपरने घासून, नखाच्या अंदाजाने गॅप लावून घरी येता येतं. किटमधलं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल गेलं तर टोइंग. एसी पंपाचा डायफ्राम (आतला रबरी पडदा) फाटला तर कुठलाही जुना मिस्त्री अर्ध्या तासात बदलतो. आपण गाडी जपतो ती तिच्या मूळ रूपात जपायला हवी. रॅलीत बॉनेट उघडल्यावर ती लाल-काळी वायर बघून माझा जीव कासावीस होतो.

परळचा_पोरगा

सोनंकाका, आदर आहे तुमच्याबद्दल, पण आजकालचे पॉईंट आणि कंडेन्सर कुठले आणायचे? मी घेतलेले कंडेन्सर गरम झाले की दगा देतात. पॉईंटची तोंडं जळून निळी पडतात. मूळ दर्जाचे मिळाले असते तर मीही तेच वापरले असते. मूळ रूप जपायचं तर माल मूळ दर्जाचा हवा ना?

जुनं_ते_सोनं

हे मान्य. हल्लीच्या कंडेन्सरबद्दल मीही वैतागलेलो आहे. ऑपेरा हाऊसला अजून एखाद्या दुकानात जुना, न वापरलेला माल निघतो, चोरबाजारात नशीब असेल तर. मी दिसला की उचलून ठेवतो. पण तरुणांनी काय करावं याचं सोपं उत्तर माझ्याकडेही नाही.

विद्युल्लता

आता करंटचं बघू. मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे आणि घरी पद्मिनी आहे, तेव्हा दोन्ही बाजूंनी बोलते.

मुलुंडकर, एकच माप हवं आहे: नव्या कॉईलच्या प्रायमरीचा (बॅटरीचा करंट जातो त्या वेटोळ्याचा) रेझिस्टन्स. कॉईलच्या दोन्ही छोट्या वायरी सोडवा, मल्टिमीटर सगळ्यात खालच्या ओहमच्या रेंजवर ठेवा. आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना लावून जे काही दिसेल (०.२, ०.३ असं काहीतरी) ते लिहून ठेवा आणि कॉईलच्या मापातून वजा करा. ही वजाबाकी विसरू नका, कारण आपण फार छोटी संख्या मोजतोय.

का विचारते ते सांगते. पॉईंटच्या गाडीची, बॅलास्ट (करंट कमी करणारा वेगळा रेझिस्टर) नसलेली साधी कॉईल तीन ओहमच्या आसपास असते. गाडी चार्ज होत असताना १४ व्होल्ट धरले तर १४ भागिले ३, म्हणजे पावणेपाच अँपिअरच्या आत. 'जास्त ताकदीच्या' म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच कॉईल दीड ओहमच्या असतात. १४ भागिले दीड, सव्वानऊ अँपिअरच्या वर. साधं मॉड्यूल एवढ्या करंटसाठी बनवलेलं नसतं. ते डिलकोच्या आत बसलेलं, खालून इंजिनाची धग, वरून टोपी बंद. ते तापतं आणि काम सोडतं. थंड झालं की परत चालू. तुमचं लक्षण तंतोतंत हेच आहे.

हायवेवर का होत नाही? तिथे बॉनेटखाली वारा खेळतो, डिलको थंड राहतो. शिवाय इंजिन वेगात असलं की प्रत्येक वेळी कॉईल भरायला वेळ कमी मिळतो, करंट पूर्ण चढायच्या आतच तुटतो. आयडलिंगला तो पुरता चढतो आणि तसाच वाहत राहतो.

चहाबिस्कीट

ताई, बारावीला तुम्ही शिकवायला असता तर आमचे मार्क वाढले असते. वाचनखूण साठवली.

घाटमाथा

पण इतकं करण्यापेक्षा बंद पडल्यावर प्लगची वायर काढून इंजिनाजवळ धरा, स्पार्क पडतो का बघा. पाच सेकंदांचं काम. आम्ही नेहमी असंच करायचो.

विद्युल्लता

घाटमाथा, कृपया या गाडीवर असं करू नका. दोन कारणं. एक, कार्बोरेटरवर पेट्रोलची ओल आहे आणि बॉनेटखाली वाफ साठलेली असणार. तिथे ठिणगी पाडायची नाही. दोन, इलेक्ट्रॉनिक किटमध्ये वायर हवेत मोकळी ठेवून सेल्फ मारला तर ठिणगीला जायला वाट मिळत नाही आणि तो व्होल्टेज कॉईलच्या किंवा मॉड्यूलच्या आत वाट शोधतो. आहे ते मॉड्यूलही जाईल.

प्लग आणि वायर यांच्या मध्ये लावायचा, काचेच्या नळीत ठिणगी दाखवणारा टेस्टर मिळतो, तो गाडीत ठेवा. किंवा टायमिंग लाईटची क्लिप वायरवर लावून सेल्फ मारा, लाईट लुकलुकला तर करंट येतोय. दोन्हीत उघडी ठिणगी नाही. ओल दिसत असेल तर तेही ती पूर्ण वाळल्यावर, आणि फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवून.

डिलकोवाला

विद्युल्लता +१. टॅक्स्या सीएनजीवर गेल्या तेव्हा आम्ही हे फार जवळून पाहिलं. गॅसला पेटायला पेट्रोलपेक्षा जोरदार ठिणगी लागते, म्हणून जरा कॉईल कमजोर, जरा वायर फुटकी, की गाडी मिस मारायची. पेट्रोलवर तीच गाडी ठीक चालायची. तेव्हा कॉईल 'पॉवरची' लावायची टूम निघाली होती, आणि पॉईंट आठवड्यात जळायचे. कारण हेच, करंट जास्त. पॉईंट जळताना निदान डोळ्यांना दिसायचे.

आणखी एक. किट बसवल्यावर टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) परत लावलं का? पॉईंट उघडण्याची जागा आणि मॅग्नेट सेन्सरवरून जाण्याची जागा एकच नसते. डिलको न हलवता नुसता किट बसवला तर टायमिंग मागेपुढे होतं. मागे राहिलं तर इंजिन जास्त तापतं, पुढे गेलं तर चढावर खडखडतं. आणि डिलकोच्या शाफ्टचा बुश झिजलाय का ते हाताने हलवून बघा. शाफ्ट हलत असेल तर कितीही महागडा किट लावा, टायमिंग लाईटखाली खूण नाचत राहणार.

बाणकोटकर

अवांतर: गाडी ५० वर्षांच्या वरची आहे, तर व्हिंटेज नोंदणी केली आहे का? २०२१ मध्ये केंद्राने नियम आणले, नंबरात 'व्हीए' येतं, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये. पण त्यात गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल नको असं आहे. इलेक्ट्रॉनिक इग्निशन त्यात बसतं का?

मुलुंडकर_फियाट

नाही केली. त्या नोंदणीवर गाडी रोज रस्त्यावर आणता येत नाही, आणि मी दर आठवड्याला ती बाहेर काढतो. वडिलांना तिच्यात बसून दादरला जायला आवडतं, तेवढ्यासाठी तर हा खटाटोप.

जुनं_ते_सोनं

बाणकोटकर, माझ्या मते डिलकोच्या आतला किट म्हणजे 'मोठा बदल' नव्हे, टोपी लावली की दिसतही नाही आणि दोन स्क्रूंत परत निघतो. चासीला भोकं पाडून पंप बसवणं मात्र मला पटत नाही.

काळीपिवळी

काका, आज पहिल्यांदा तुम्ही किटच्या बाजूने बोललात. नोंद घेतली आहे!

अवांतरात अवांतर: शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला झाली होती. वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ऑक्टोबर २०२३मध्ये त्या रस्त्यावरून गेल्या. त्या आठवड्यात वडील मुद्दाम बसस्टॉपपाशी जाऊन उभे राहायचे, एखादी दिसते का बघायला. त्या गाड्यांबरोबर त्यांचे मिस्त्रीही गेले, कोणी गावी, कोणी दुसऱ्या धंद्यात. आता डिलको उघडून नुसत्या आवाजावर गॅप सांगणारा माणूस शोधावा लागतो. म्हणून असे धागे मला महत्त्वाचे वाटतात, हे कुठेतरी लिहून राहायला हवं.

परळचा_पोरगा

मूळ विषयात अजून एक गोष्ट राहिली आहे. पेट्रोल! आता पंपावर मिळतं ते ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल. आपल्या गाड्यांच्या वेळी हे नव्हतं. जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने फुगतात, चिरतात. टाकीत वर्षानुवर्षं बसलेला गाळ आणि गंज सुटून फिल्टरात येतो. मी फिल्टर पारदर्शक लावला तेव्हा कळलं, आठवड्यात तळाशी तांबूस चिखल. आणि गाडी महिनोन् महिने उभी राहिली तर इथेनॉल दमट हवेतलं पाणी शोषून घेतं. आपल्या मुंबईच्या पावसाळ्यात तर विचारूच नका.

मुलुंडकर, तुमच्या इलेक्ट्रिक पंपाला लावलेल्या नळ्या कुठल्या आहेत? त्या पारदर्शक प्लास्टिकच्या असतील तर आजच्या आज बदला. वर 'एसएई जे३० आर९' छापलेली फ्युएल होज मिळते, तीच घ्या.

सोलेक्स_सुई

उत्तम मुद्दा, आणि याचा जेटशीही संबंध आहे. शुद्ध पेट्रोलला एका भागाला साधारण १४.७ भाग हवा लागते, ई२०ला साडेतेराच्या आसपास. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो म्हणून. म्हणजे तोच जेट ठेवला तर मिश्रण आठेक टक्के पातळ होतं. इंजेक्शनच्या गाड्या सेन्सरवरून हे सांभाळून घेतात, आपल्या सोलेक्सला काही कळत नाही. प्लग पांढरे पडतात, पिकअपला अडखळतं, इंजिन गरम राहतं.

मेन जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १२० म्हणजे १.२० मिमी. पेट्रोल जातं ते क्षेत्रफळाच्या हिशोबाने, म्हणून ८ टक्के जास्त हवं असेल तर व्यास चारेक टक्केच वाढवायचा. १२०चा १२५ पुरे. लोक ड्रिल घालून भोक मोठं करतात, ते करू नका. एकदा बिघडलेला जेट परत लहान होत नाही.

पण मुलुंडकर, तुम्ही हे सगळ्यात शेवटी करा. आता फ्लोट चेंबर ओसंडत असताना जेट बदलून काहीच कळणार नाही.

मुलुंडकर_फियाट

मंडळी, शनिवारी बसून सगळं मोजलं. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला मल्टिमीटर घरी होताच, प्रेशर गेज मित्राकडून आणला.

कॉईल: मीटरवर १.८ ओहम, पिना जुळवून ०.३. म्हणजे दीड ओहम. विद्युल्लताताई, तुमचा अंदाज नेमका. किटच्या कागदावर बारीक अक्षरांत 'किमान ३ ओहम' असं छापलेलं आहे.

पंपाचा दाब: कार्बोरेटरच्या तोंडाशी सहा पीएसआयच्या थोडा खाली. प्लग चारही काळे, दोन ओले.

नळ्या: पारदर्शक. एक इतकी कडक झाली होती की वाकवल्यावर क्लिपजवळ चीर दिसली. परळच्या पोरा, तुझे आभार मानावे तेवढे थोडे. ती नळी बरोबर कॉईलच्या वर होती.

टायमिंग लाईट लावायचा राहिलाय.

विद्युल्लता

कॉईलच्या वर चिरलेली नळी! हे वाचून अंगावर काटा आला. मंडळी, ज्यांच्याकडे जुन्या गाड्या आहेत त्यांनी आज संध्याकाळी बॉनेट उघडून प्रत्येक नळी वाकवून बघा. इतर सगळं नंतर.

मुलुंडकर, आता एकावेळी एकच बदल करा. आधी जुनी तीन ओहमची कॉईल परत लावा आणि त्याच ट्रॅफिकमध्ये जा. पंपाला हात लावू नका. दोन्ही एकदम बदललं तर गाडी ठीक होईल पण कशामुळे ते कधीच कळणार नाही, आणि पुन्हा बिघडली की पुन्हा शून्यापासून.

डिलकोवाला

एक अपवाद. चिरलेली नळी तशीच ठेवून कुठेही जायचं नाही. ती बदला, मग कॉईल, मग ट्रायल. बाकी ताईंशी सहमत.

मुलुंडकर_फियाट

नळ्या सगळ्या बदलल्या. जुनी कॉईल माळ्यावर होती, मोजली तर ३.१ ओहम. लावली. गुरुवारी संध्याकाळी मुद्दाम मुलुंड ते सायन एलबीएसने गेलो, भांडुप आणि घाटकोपरला भरपूर अडकलो. गाडी बंद पडली नाही, एकदाही मिस नाही. सायनला थांबून डिलकोच्या बाजूला हात लावला, आधी चटका बसायचा, आता हात ठेवता येत होता.

वास मात्र अजून आहे आणि आयडलिंग जड आहे, म्हणजे काळीपिवळी म्हणाले तसे दोन आजार वेगवेगळे निघाले.

टायमिंग लाईटही लावला, बरंच मागे होतं. ठीक केल्यावर तापमानाचा काटा पूर्वीच्या जागी आला.

चहाबिस्कीट

कुर्ल्यावरून न थांबता गेली! सासरी रुळली म्हणायची.

सोलेक्स_सुई

वा! आता पंप. तीन रस्ते आहेत. प्रेशर रेग्युलेटर लावून अडीच-तीन पीएसआयवर आणा. किंवा कार्बोरेटरसाठीच बनवलेला कमी दाबाचा पंप घ्या आणि टाकीपाशी बसवा. किंवा एसी पंप परत. मी स्वतः दुसरा रस्ता घेतला असता.

जुनं_ते_सोनं

तिसरा. डायफ्रामचा किट ई२०ला टिकणाऱ्या रबराचा मागून घ्या. आणि एसी पंप परत लावलात तर अधूनमधून ऑइलची काडी काढून वास घेत जा. डायफ्राम फाटला तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि बेअरिंग खातं. ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली तर गाडी सुरूच करू नका.

विद्युल्लता

इलेक्ट्रिक पंप ठेवणार असाल तर एक अट. आता तो चावी ऑन केली की चालू होतो ना? अपघात होऊन इंजिन बंद पडलं आणि नळी तुटली, तर चावी ऑन असेपर्यंत तो पंप पेट्रोल ओतत राहील. एसी पंप इंजिन थांबलं की थांबतो, ही त्याची फार मोठी सुरक्षितता आहे. म्हणून इलेक्ट्रिकला रिले लावा आणि तो ऑइल प्रेशर स्विचमधून (इंजिन थांबून ऑइलचा दाब गेला की पंप बंद होतो) न्या, किंवा धक्का बसला की सर्किट तोडणारा इनर्शिया स्विच लावा. फ्यूज तर हवाच.

मुलुंडकर_फियाट

सोनंकाकांचं ऐकतोय, एसी पंप परत लावतो. मूळ पंप गॅरेजवाल्यांनी पिशवीत घालून परत दिला होता, डायफ्राम तेवढा नवा टाकेन. चढावरच्या त्रासासाठी कार्बोरेटरखालचं बेकलाईटचं पॅकिंग बघतो, आत्ता तिथे नुसता कागद दिसतोय. किट राहू देतो, पण पॉईंटची प्लेट, कंडेन्सर आणि स्क्रू ड्रायव्हर डिकीत कायमचे.

परळचा_पोरगा

नुसता कागद? मग चढावरच्या दुखण्याचं मूळ बहुतेक तिथेच. बेकलाईटचा तुकडा उष्णता अडवतो, तो नसेल तर इंजिन बंद केल्यावर खालची धग सरळ फ्लोट चेंबरमध्ये जाते आणि पेट्रोल उकळतं. कार्बोरेटर चढवताना दोन्ही बाजूंना नवं पॅकिंग टाका आणि नट सारखे आवळा, एकाच बाजूने घट्ट केलं तर कार्बोरेटरचं बूड वाकतं आणि हवा ओढायला लागतं.

बाणकोटकर

माझ्या १९७१च्या गाडीवर हाच किट लावायचा विचार आहे, पण तिला अजून डायनामो आहे, अल्टरनेटर नाही. चालेल का?

विद्युल्लता

चालेल, पण आधी मोजा. डायनामो आयडलिंगला जवळजवळ काही देत नाही. रात्री हेडलाईट, वायपर आणि हॉर्न चालू असताना, इंजिन आयडलवर ठेवून, किटच्या लाल वायरपाशी आणि बॉडीमध्ये व्होल्टेज बघा. किटच्या कागदावर दिलेल्या किमान व्होल्टेजच्या वर राहिलं पाहिजे. कमी दिसलं तर आधी इंजिन आणि बॉडीमधली अर्थची पट्टी काढून दोन्ही टोकं चकचकीत घासून परत लावा, आणि लाल वायर चावीपासून थेट नवी ओढा. ५० वर्षांच्या वायरिंगमध्ये निम्मं भांडण तिथेच असतं. कॉईलचे ओहमही आताच मोजून इथे टाका.

बाणकोटकर

रविवारी मोजून टाकतो.